खालची फाइल

नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. माझी नोकरी सहा वर्षांची आहे, तीही कंत्राटी, आणि मी अजून एम.ए.च्या शेवटच्या दोन पेपरांचा अभ्यास करते आहे. संपादकांना मी तसं कळवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं, की ज्या टेबलावर बसता त्याविषयी लिहा, वर्षं मोजू नका. म्हणून लिहिते आहे. यात माझी एक चूक सांगायची आहे. ती सोडून बाकी सगळं लिहून पाहिलं, पण मग लिहायला काही उरत नव्हतं.

माझं टेबल नागपूरबाहेरच्या एका खासगी विद्यापीठात, आस्थापना विभागात आहे. आस्थापना म्हणजे नेमणुका, रजा, बढत्या, राजीनामे. माणूस आमच्याकडे यायच्या आधी त्याची फाइल येते, आणि माणूस गेल्यावरही फाइल राहते. माझी आई भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर जाते, म्हणजे जिथे बाया ओळीनं बसून वाळल्या मिरचीची देठं खुडतात तिथे. ती तिथे सांगते, "माही पोरगी लोकायले नोकऱ्या लावते." मी कुणाला नोकरी लावत नाही. मी टाइप करते, क्रमांक टाकते, आणि टिपणी लिहिते. टिपणी म्हणजे साहेबांपुढे एखादं प्रकरण मांडणारा कागद. आमचे कुलसचिव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथे आले. त्यांना सगळं जुन्या पद्धतीनं लागतं, मराठी टिपणी, कागदी फाइल आणि तिला बांधलेली पांढरी लेस.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इथे आले तेव्हा मला वाटायचं, की प्राध्यापक होतात ते जाहिरात, अर्ज, मुलाखत आणि गुण या क्रमानं. ते तसं होतंही. पण आणखी एका रीतीनं होतं, ती मला लांजेवारबाबूंनी शिकवली. लांजेवारबाबू आमच्या विभागातले सर्वांत जुने कारकून. कन्हानहून येतात, वडील कोळशाच्या खाणीत होते. निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली असतील.

विद्यापीठाची तपासणी करायला समिती येणार असली, की प्रत्येक विभागात एक तरी मोठं नाव लागतं. नागपूरच्या उन्हात मोठं नाव सहज येत नाही. मग साहेब त्याला फोन करतात. बाबूजी म्हणायचे, "पहिल्या फोनात पगार. दुसऱ्या फोनात क्वार्टर अन् पोरायची शाळा. तिसऱ्या फोनात मिसेस निघते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते इचारते, आमच्या मिसेसबी पीएचडी आहेत, त्यायचं काय?"

मिसेस बहुतेक खरंच पीएचडी असतात. लग्न जमलेलंच असतं एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. मग त्यांच्यासाठी एक कंत्राटी पद तयार होतं. जाहिरात निघते, तीत विषय असा बारीक मांडलेला असतो, की तो नागपुरात एकाच घरात सापडावा. मुलाखतीला तीन उमेदवार बोलावतात. बाकीच्या दोघांना चहा मिळतो.

हे सगळंच चूक आहे असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. दोघांनी एवढं शिकायचं आणि एकानं नागपुरात, दुसऱ्यानं हैदराबादेत राहायचं, हे कुणी सांगावं? सरकारी खात्यात नवरा-बायकोची बदली एका गावी करायची सोय असते, त्याला कुणी नावं ठेवत नाही. आमच्याकडे मात्र ही गोष्ट कुठेच उघड लिहिलेली नाही. ती फक्त फाइलींच्या बांधणीत दिसते. वर प्राध्यापकाची फाइल, खाली मिसेसची, आणि दोन्हींना मिळून एक लेस. हिला आम्ही जोडफाइल म्हणतो. दरवर्षी मे महिन्यात कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी ती तशीच वर जाते. साहेब वरची फाइल उघडतात, खालचीच्या शेवटच्या कागदावर सही करतात. खालची फाइल कुणी वाचत नाही.

नेमणुकीच्या आदेशात सगळ्यांना अकरा अटी असतात. खालच्या फाइलला बारावी असते: "सदर नेमणूक" अमुक यांच्या "सेवेशी संलग्न राहील." अमुकच्या जागी नवऱ्याचं नाव.

ऑफिसात या लोकांना एक नाव पडलेलं होतं, साबणदाणी. साबणासोबत फुकट येते ती. ते नाव मीही घेतलेलं आहे. एकदा उलटंही झालं होतं, औषधनिर्माणशास्त्राच्या मॅडम वरच्या फाइलीत आणि त्यांचे मिस्टर खालच्या. ते इंदूरकडचे चांगले इंजिनिअर, पण इथे त्यांना ग्रंथालयाचं सल्लागार केलं होतं. काही काम असलं की दारातून विचारायचे, "मॅडमची फाइल आहे का?" स्वतःची असं कधी म्हणाले नाहीत. बाबूजी त्यांना चहा पाजत. सात महिन्यांनी ते एकटेच इंदूरला परत गेले. त्या दिवशी बाबूजींनी सगळ्यांना सांगितलं, की आजपासून ते नाव आपल्या खोलीत घ्यायचं नाही. मी बाहेर जिन्यात घ्यायची.

आता गेडामसरांबद्दल सांगायला हवं. ते अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच मोजायचे, सुट्टी लागली की नोकरीही सुट्टीवर. आठ वर्षं ते असे शिकवत होते. महिन्याच्या शेवटी तासांचा तक्ता घेऊन यायचे आणि माझ्या टेबलापाशी थांबायचे. अर्थशास्त्राच्या एम.ए.चा फॉर्म मला त्यांनीच भरायला लावला. म्हणाले, "इथं बसून बाकीच्यांच्या डिग्र्या टाइप करतेस, एक स्वतःचीही कर."

मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्या वर्षी रसायनशास्त्राला इनामदारसर आले. हैदराबादहून, मोठं नाव. तिसऱ्या फोनात त्यांच्या मिसेस निघाल्या, अनुराधा मॅडम, विषय संख्याशास्त्र. त्यांना तास द्यायचे तर ते कुणाचे तरी कमी करायला हवे होते. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात गेडामसरांचे बारा तास आधी चार झाले. मग तेही राहिले नाहीत. ते शेवटचा तक्ता द्यायला आले. म्हणाले, "माझी जागा कुणी घेतली नाही, प्रणाली. माझी जागा नव्हतीच. मी उभा होतो तिथं."

त्यांचा तक्ता मी नोंदवून घेतला आणि त्याच दिवशी दुपारी अनुराधा मॅडमचा आदेश टाइप केला.

आदेश घ्यायला दोघं मिळून आले होते. मॅडम उंच, सावळ्या, पर्सच्या कप्प्यात दोन पेनं. त्यांनी सगळ्या अटी उभ्या उभ्या वाचल्या. असं कुणी करत नाही. बारावीपाशी थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे आपलं भांडण झालं की माझी नोकरी गेली?"

"म्हणून तर नीट वागायचं," इनामदारसर म्हणाले.

"आणि तुम्ही नीट नाही वागलात तर?"

"त्याची अट नाही टाकलेली."

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या मनात गेडामसर होते आणि या बाईंचं हसणं मला आवडलं नाही.

पहिलं वर्ष मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. नंतर काय झालं, तर मी संख्याशास्त्राच्या पेपरात नापास झाले, दुसऱ्यांदा. गुणपत्रिका टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. लपवायची होती, पण अर्धी बाहेर दिसत होती. मॅडम रजेचा अर्ज द्यायला आल्या आणि त्यांनी ती पाहिली. म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ये माझ्याकडे. तुझ्या हातचं काही तिखट असेल तर बरं. आमच्याकडे सरांना पित्त, सगळं अळणी शिजतं."

मी गेले. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, घरी कोण असतं, आई काय करते. मी थोडं अडखळत सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिवसाला किती किलो होते तिची?"

"दिवसावर आहे, मॅडम. ओली असली तर कमी."

"मग आईला फोन कर. आठवड्याचे सातही दिवस लिहून घे. तिच्या शेजारी बसणारीचेही."

आईला वाटलं काही चौकशी लागली. म्हणाली, "काहून वं, कोण मोजून राहिलं आमचे किलो?" पण दिले. मॅडमनी ते चौदा आकडे फळ्यावर मांडले. दोघींची सरासरी जवळपास सारखी येत होती. मग त्या म्हणाल्या, "आता बघ, ही बाई रोज सारखं काम करते आणि तुझी आई एक दिवस खूप आणि दुसऱ्या दिवशी अगदी थोडं. का?" मला माहीत होतं. आईचे हात मिरचीनं जळतात, एक दिवस जास्त केलं की दुसऱ्या दिवशी बोटं मिटत नाहीत. मी ते सांगितलं. मॅडम खडूनं त्या फरकाला गोल करून म्हणाल्या, "हेच प्रमाण विचलन." ते मी पुन्हा कधी विसरले नाही.

दोन वर्षं मी त्यांच्याकडे डबा घेऊन जात होते. पेपर सुटला, चांगल्या गुणांनी. त्यांच्या वर्गात मुलं जिन्यापर्यंत बसायची. त्यांच्या हाताखाली तीन मुलं पीएचडी करत होती, पण कागदावर मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याच प्राध्यापकाचं नाव होतं, कारण कंत्राटी माणसाला मार्गदर्शक होता येत नाही. हे मला फाइलींवरून माहीत होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर या दोन वर्षांतही त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, की मला कधी कधी गेडामसर दिसायचे.

इनामदारसर गेल्या जानेवारीत गेले. वर्गातून येताना छातीत दुखलं, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी संपलं. विद्यापीठात शोकसभा झाली. संस्थेचे अध्यक्ष बोलले, की विद्यापीठ त्यांच्या कुटुंबाच्या पाठीशी उभं आहे. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मुलगी शेजारी, शाळेच्या गणवेशातच. दहावीची परीक्षा तोंडावर होती तिची. पंधरा दिवसांनी मॅडम पुन्हा तास घ्यायला लागल्या.

सरांची फाइल मी बंद फाइलींच्या कपाटात नेऊन ठेवली. त्यासाठी लेस सोडावी लागली. खालची फाइल टेबलावर एकटीच राहिली.

मे महिना आला. बाबूजींनी ती फाइल उचलली, कव्हर पुसलं, कपाटात ठेवली आणि मला बोलावलं. त्यांच्याकडे कंत्राटी लोकांची एकत्रित यादी होती, प्रयोगशाळेचे, संगणकाचे, सगळे मिळून चाळीसेक नावं. त्यात मधोमध त्यांनी मॅडमचं नाव घातलं होतं.

"हे असं जाऊ दे," ते म्हणाले. "साहेब यादीच्या खाली सही करते. एकेक नाव वाचत नाही."

"पण बाबूजी, बारावी अट?"

"आहे ना. फाइलीत आहे. फाइल कपाटात आहे."

"हे लपवणं झालं."

"लपवणं नाही वं, पोरी. कोणी इचारलं तं सांगू. इचारत नाही तोवर काहून सांगा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक साल निघून गेलं ना, मंग दुसऱ्या सालीबी निघते. मंग कोणाच्या ध्यानातबी राहत नाही थे कोणामुळे आली. असे चार जण मी पार काढले आहेत या हातानं."

त्यानंतर ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस रजेवर गेले. जाताना म्हणाले, "यादीले हात लावू नको. साहेबाचा फोन आला तं सांगजो, बाबू आल्यावर."

मी हात लावला.

का लावला हे मी त्या वेळी स्वतःला असं सांगितलं. ही बाई एवढी चांगली शिकवते, आणि तिनं आता प्रयोगशाळेच्या मदतनिसांच्या यादीत अंग चोरून बसायचं? आधी नवऱ्याच्या फाइलीखाली, आता चाळीस नावांमध्ये? एकदा तरी तिचं प्रकरण स्वतःच्या नावानं साहेबांपुढे जायला हवं. मी जे काही झाले ते अर्ज करून, परीक्षा देऊन झाले. आमच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. त्यामुळे माझा विश्वास होता, की सगळं खरं आणि नीट लिहून पुढे ठेवलं की माणसं वाचतात.

मी यादीतून त्यांचं नाव काढलं आणि स्वतंत्र टिपणी लिहिली. चार पानं झाली. त्यांचे निकाल लिहिले, कोणत्या वर्षी किती मुलं बसली आणि किती सुटली. संशोधन लिहिलं. ती तीन मुलं लिहिली, जी कागदावर त्यांची नव्हती. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांतली वाक्यं उतरवली. आणि शेवटी लिहिलं, की "श्री. इनामदार यांचे निधन झाल्याने सदर प्रकरण आता स्वतंत्रपणे, गुणवत्तेच्या आधारे विचारात घ्यावे, आणि सदर पदासाठी खुली जाहिरात काढून रीतसर मुलाखत घ्यावी, ही विनंती."

खुली जाहिरात मी का लिहिली? मॅडमना तिची गरज नव्हती. ती मी गेडामसरांसाठी लिहिली. मनात आलं, जाहिरात निघाली तर तेही अर्ज करतील, दोघंही मुलाखतीला येतील, आणि जे व्हायचं ते उजेडात होईल. आपण दोघांनाही न्याय देतो आहोत असं वाटून मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच वाटलं होतं.

टिपणी वर पाठवून मी गेडामसरांना फोन केला. ते आता नंदनवनकडे एका क्लासमध्ये शिकवतात. मी सांगितलं, "सर, जाहिरात निघेल. तयारीत राहा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझं नाव लिहिलंस का कुठं?"

"नाही सर."

"बरं केलंस. त्या बाईंची मुलगी आत्ताच दहावी झाली ना?"

"हो."

"मग उद्या सकाळी लवकर जा आणि टिपणी परत आण. सांग, एक पान चुकलं."

"सर, पण तुमच्यावर अन्याय..."

"माझा अन्याय मी माझ्यापाशी ठेवला आहे, प्रणाली. तो तू कशाला वापरतेस?"

सकाळी मी रोजच्यापेक्षा एक बस आधी गेले. टिपणी खाली आलेली होती. साहेबांनी रात्रीच फाइली घरी नेऊन संपवल्या होत्या. चौथ्या पानाच्या तळाशी हिरव्या शाईत एकच ओळ होती: "पाहिले. अट क्र. १२ नुसार कार्यवाही करावी."

मी साहेबांकडे गेले. कंत्राटी कारकून कुलसचिवांकडे अशी जात नाही, पण गेले. ते वाईट माणूस नाहीत. बस म्हणाले. म्हणाले, "टिपणी उत्तम लिहिलीस. तुझ्यासारखी लिहिणारी कायम माणसंसुद्धा नाहीत माझ्याकडे."

"सर, मग मॅडमचं..."

"तू मला लेखी कळवलंस की ज्यांच्या सेवेशी नेमणूक जोडलेली आहे ते हयात नाहीत. आता मी सही केली तर ती माहीत असून केलेली सही होते. उद्या कुणी तक्रार केली तर मी काय दाखवू?" मग ते म्हणाले, "हे तू लिहिलं नसतंस तर..." आणि त्यांनी पुढची फाइल ओढली. जाहिरातीचं विचारलं तर पुढच्या सत्रात पाहू म्हणाले.

सेवा संपल्याचा आदेश मीच टाइप केला, कारण ते माझं टेबल. पाच ओळींचा मसुदा असतो, फक्त नाव बदलायचं. मी नाव तीनदा चुकवलं.

बाबूजी काळा चष्मा लावून परत आले. मी टिपणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून हळूहळू वाचली, चारही पानं. रागावतील म्हणून मी उभी होते.

"इनामदारसर गेले, हे या बिल्डिंगीत सगळ्यायले माहीत होतं," ते म्हणाले. "साहेबालेबी माहीत होतं. शोकसभेत पहिल्या लाइनीत बसले होते ते. फक्त कागदाले माहीत नव्हतं. तुनं कागदाले सांगितलं."

"बाबूजी, मी चांगल्यासाठी..."

"माहीत आहे वं. चांगल्यासाठीच केलं. म्हणून तं मले काही बोलता येत नाही तुले." मग त्यांनी चष्मा काढून डोळ्यात थेंब टाकले.

जुलैमध्ये मॅडम अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायला आल्या. तोवर क्वार्टर सोडून त्या शहरात भाड्याच्या घरात गेल्या होत्या. मुलीला अकरावीत प्रवेश मिळाला म्हणाल्या. मी प्रमाणपत्र दिलं. त्याचाही मसुदा ठरलेला आहे, तीन ओळी, शेवटी "काम समाधानकारक होते." मॅडमनी ते वाचलं, घडी केली, आणि म्हणाल्या, "माझी फाइल एकदा बघू देतेस? कधी पाहिलीच नाही."

स्वतःची फाइल कारकुनासमोर बसून पाहता येते, तसा नियम आहे. मी नाही म्हणू शकले असते, काहीतरी कारण सांगून. पण मला वाटलं, त्यांना कळायला हवं. की मला सुटायचं होतं, कुणास ठाऊक. मी फाइल दिली.

त्या एकेक कागद उलटत गेल्या. टिपणीपाशी आल्या. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. चौथ्या पानावर हिरवी ओळ आणि डावीकडे माझी आद्याक्षरं. बोट त्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"हो, मॅडम."

मी वाट पाहत होते. बाबूजी त्यांच्या टेबलावर कागद पंच करत होते, ते थांबले.

"ती तीन मुलंसुद्धा लिहिलीस तू," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी हे लिहिलं नसतं तर तुमचं नाव चाळीस जणांच्या यादीत वर गेलं असतं. नूतनीकरण झालं असतं. बाबूजींनी सगळं केलं होतं. माझ्यामुळे..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. रागानं नाही. हात थोडा वर केला, वर्गात एखाद्या मुलाला थांबवतात तसा. हात खाली घेऊन म्हणाल्या, "असं असतं होय. मला वाटलं, मला काढा म्हणून अध्यक्षांनी सांगितलं असेल." मग पुन्हा पहिलं पान उघडलं. "याची झेरॉक्स देशील? एका शाळेत अर्ज करायचा आहे. स्वतःबद्दल लिहा असं एक पान आहे त्यात. चार दिवस झाले, मला काही लिहिता येत नाही. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही ना. तू सगळं ओळीनं मांडलं आहेस."

टिपणी बाहेर देता येत नाही. फाइल पाहता येते, टिपणीची प्रत देता येत नाही, तीही साहेबांचा शेरा असलेली. झेरॉक्सचं मशीन माझ्या खुर्चीपासून हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर आहे. बाबूजी उठले. पाण्याची बाटली भरलेली होती, तरी ती घेऊन बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. ते का गेले हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी म्हणाले, "मॅडम, टिपणीची प्रत देता येत नाही."

का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एकदा वाट सोडून वागले होते आणि त्याचं काय झालं ते समोर बसलेलं होतं. पुन्हा काही करायला हात उचलेना.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "नियम असेल."

त्यांनी फाइल परत केली नाही. पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागल्या, या वेळी फार हळू. एकेक ओळ झाली की नजर वर करायच्या, समोरच्या भिंतीकडे पाहायच्या, ओठ हलायचे, मग परत खाली. मला वाटलं, रडू आवरताहेत. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. तिसऱ्या पानाला आल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या ते पाठ करत होत्या.